बाई, पुरुष आणि मधली रेघ

१८८६ साली वॉशिंग्टनमध्ये एका पाहुणीचा मोठा बोलबाला होता. न्यू मेक्सिकोतल्या झुनी जमातीची वेवा सहा महिने त्या शहरात राहिली. मानववंशशास्त्रज्ञ मटिल्डा कॉक्स स्टीव्हन्सन यांच्याकडे तिचा मुक्काम होता. राष्ट्रीय संग्रहालयात मागावर बसून तिनं झुनी विणकाम करून दाखवलं, राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांची भेट घेतली, बड्या घरच्या बायकांच्या बैठकांत ती सहज वावरली. वर्तमानपत्रांनी तर तिला राजकन्या करून टाकलं. वेवा देहानं पुरुष आहे, हे राजधानीच्या ध्यानात आलं नाही. स्टीव्हन्सनबाई स्वतःही कित्येक वर्षं तिला स्त्रीच समजत होत्या.

झुनी लोकांत मात्र यात लपवाछपवी कसलीच नव्हती. स्त्रियांची कामं आणि स्त्रियांचा पेहराव पत्करणाऱ्या पुरुषदेहाच्या व्यक्तीसाठी त्यांच्याकडे ‘ल्हामाना’ अशी ठरलेली जागा होती. वेवा विणकामात आणि कुंभारकामात नावाजलेली होती, धर्मविधींत तिला मान होता. १८९६ साली ती वारली तेव्हा अंत्यविधीच्या वेळी तिला आधी विजार चढवली गेली आणि तिच्यावरून स्त्रीचा पोशाख. तिचा देह कोणता होता आणि समाजात ती कोण होती, या दोन प्रश्नांना झुनींनी दोन उत्तरं दिली आणि दोन्ही एकाच वेळी खरी धरली.

या दोन प्रश्नांपैकी पहिल्याला अभ्यासक लिंग म्हणतात, दुसऱ्याला लिंगभाव. गुणसूत्रं, संप्रेरकं, जननेंद्रियं हा पहिल्याचा प्रांत. पेहराव, कामधंदा, चालणं-बोलणं, वारसाहक्क, पंगतीला आधी कोण बसणार आणि मागून कोण, हा दुसऱ्याचा. कागदावर ही फोड सोपी दिसते. रोजच्या जगण्यात दोन्ही एकमेकांत असे मुरलेले असतात, की कुठला परिणाम कशाचा हे सांगताना डॉक्टरांचीही पंचाईत होते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं; त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होतं. पाळीत आणि बाळंतपणात रक्त जातं, हे देहाकडचं कारण. पण सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर उरलेल्यात भागवायचं, उपास जास्त धरायचे, अंगावर दुखणं काढायचं, ही कारणं कुठल्या गुणसूत्रात लिहिलेली नाहीत. पहिल्या कारणावर लोहाच्या गोळ्या चालतात. दुसऱ्यावर अजून तरी गोळी निघालेली नाही.

शास्त्राच्या परिभाषेत ही फोड रुळली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांनी १९५५ साली लिंगभावाच्या भूमिकांविषयी लिहिलं. मनोविश्लेषक रॉबर्ट स्टोलर यांनी १९६८ च्या ग्रंथात दोन्ही संज्ञा शेजारी ठेवून तपासल्या. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ॲन ओकली यांनी १९७२ साली तीच फोड स्त्रीवादी चर्चेच्या मध्यभागी आणली. त्याच्याही आधी, १९४९ मध्ये, सिमोन द बोव्हार यांनी स्त्रीपण समाज घडवतो असं सविस्तर मांडलं होतं.

परिभाषा नवी असली तरी शंका जुनी आहे, आणि ती मराठीत फार लवकर उमटली. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्यात छापलं गेलं. सुरतेच्या एका तरुण विधवेला बालहत्येच्या खटल्यात शिक्षा झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवरच झोड उठवली. हे पुस्तक म्हणजे त्याला दिलेलं रोखठोक उत्तर. जे दुर्गुण बाईच्या स्वभावातच असतात असं सांगितलं जाई, ते ताराबाई एकेक करून हाती घेतात आणि पुरुषांत ते किती आहेत याचा हिशेब मांडतात. स्वभाव देहातून येतो, हे गृहीतच त्यांनी वादात ओढलं. जोतीराव फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले. बाकीच्यांनी टीका केली किंवा मौन धरलं.

जगभरचे दाखले शेजारी-शेजारी ठेवले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बाई आणि पुरुष यांच्यात रेघ बहुतेक प्रत्येक समाजानं ओढली आहे. त्यांतल्या अनेकांनी ती ओलांडण्याची एखादी वाटही राखून ठेवली आहे. ही वाट कुणासाठी खुली आहे, तिच्यावर चालण्याची अट काय आणि पलीकडे गेल्यावर हाती काय लागतं, हे पाहिलं की त्या समाजाचा जीव नेमका कशात अडकला आहे ते कळतं. कुठे तो जमिनीत असतो, कुठे वंशात, कुठे पूजेत, कुठे रंगमंचाच्या अब्रूत. रेघ ओलांडू देणारा समाज ती पुसत असतोच असं नाही. पुष्कळदा तो ती आणखी ठळक करत असतो.

उत्तर अल्बानियाच्या डोंगराळ मुलखात जीव जमिनीत आणि बंदुकीत अडकला होता. ‘कानून’ नावाची रूढींची संहिता तिथे शतकानुशतकं चालली. पंधराव्या शतकातल्या लेक दुकागिनी या सरदाराच्या नावानं ती ओळखली जाते. एका फ्रान्सिस्कन धर्मगुरूनं ती गावोगाव फिरून गोळा केली आणि त्याच्या मृत्यूनंतर १९३३ साली तिचं पुस्तक निघालं. या संहितेत घर, शेत, शस्त्र, पंचायतीतला शब्द, सगळं पुरुषाचं. मुलीला वारसा नाही. त्यातच खुनाचा बदला खुनानं घेण्याचं पिढीजात वैर, आणि त्यात मारायचा तो पुरुषच. या सूडसत्रात घरातले सगळे बाप्ये संपले तर? आल्यागेल्याला उंबऱ्याच्या आत कोण घेणार? शेत कुणाच्या ताब्यात राहणार?

यावरचा तोडगा परंपरेतच होता. घरातली मुलगी गावच्या वडीलधाऱ्यांसमोर आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेई, केस कापी, पुरुषाचे कपडे चढवी. तिथून पुढे गावाच्या लेखी ती पुरुष. अशा व्यक्तीला ‘बुर्नेशा’ म्हणत. ती कुटुंबाची कर्ती होई, बंदूक बाळगी, बाप्यांच्या बैठकीत बसून तंबाखू ओढी, वेळ आली तर वैराचा हिशेबही चुकता करी. ठरवलेला नवरा नको असेल, तर त्याच्या घराण्याचा अपमान न होता सुटण्याचीही हीच एक वाट होती. एरवी मोडलेल्या सोयरिकीतून नवं वैर पेटायचं. १९०८ साली एडिथ डरहॅम ही ब्रिटिश बाई या भागात फिरली आणि अशा काही जणींना भेटली. पुढच्याच वर्षी आलेल्या तिच्या प्रवासवर्णनात त्यांची चित्रं आहेत.

या साऱ्या व्यवहारात देह कुणी बदलला नाही, नाकारलाही नाही. अट देहाबद्दलचीच होती: लग्न नाही, संग नाही, मूल नाही. त्या बदल्यात जे मिळे ते मात्र सगळं सामाजिक होतं. आणि एक मुलगी पुरुष झाली म्हणून तिच्या बहिणींना शेताचा तुकडा मिळाला, असं कधी घडलं नाही. मालक पुरुषच असणार, हा नियम जसाच्या तसा राहिला; तो राहावा म्हणून तर एका बाईला पुरुष केलं गेलं. १९४४ नंतर आलेल्या कम्युनिस्ट राजवटीनं कानून मोडून काढायला घेतला, मुलींना शाळा आणि नोकऱ्या दिल्या, मालमत्तेचे कायदे बदलले. शपथ घेण्याचं कारणच आटत गेलं. आज मोजक्याच बुर्नेशा उरल्या आहेत, त्याही वयोवृद्ध.

केनियातल्या नांदी लोकांतही असाच हिशेब आहे, फक्त उलट बाजूनं. तिथे प्रत्येक बायकोच्या घराची गुरं-जमीन त्या घरच्या मुलांकडे जाते. जिला मुलगा नाही अशी उतारवयातली बाई वधूमूल्य देऊन एका तरुण मुलीशी लग्न लावते आणि तिचा ‘नवरा’ होते. तरुणीला परपुरुषापासून होणारी मुलं या ‘नवऱ्या’ची वारस ठरतात. दोघींत शरीरसंबंध अपेक्षित नसतो आणि ‘नवरा’ झालेल्या बाईनंही पुरुषाशी संबंध ठेवायचा नसतो. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रेजिना ओबोलर यांना मोठी मजेशीर गोष्ट आढळली. या बायका आपण पुरुष झालो असं ठासून सांगत, पण रोजच्या वागण्यात त्यांचं पुरुषपण बरंच ढिलं असे. ते कडक व्हायचं ते मालमत्ता आणि वारस यांचा विषय निघाला की.

अफगाणिस्तानात मुलगा नसलेली कुटुंबं एखाद्या मुलीला मुलासारखे कपडे घालून वाढवतात. ती बाजारात जाते, दुकानात बसते, बहिणींना सोबत करते. वयात आली की तिला पुन्हा मुलगी व्हावं लागतं. इराणमध्ये १९८० च्या दशकात आयातोल्ला खोमेनी यांनी लिंगबदल शस्त्रक्रियेला धार्मिक मान्यता दिली. त्याच देशात समलिंगी संबंधांना मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. म्हणजे पूर्ण पलीकडे जाण्याची परवानगी आहे, मध्ये थांबण्याची नाही.

मध्ये थांबण्याला पूजेचं स्थान देणारा समाज पाहायचा तर इंडोनेशियात जावं लागतं. सुलावेसी बेटाच्या दक्षिण भागातले बुगीस लोक नाणावलेले दर्यावर्दी आणि निष्ठावंत मुसलमान. त्यांच्याकडे पाच लिंगभाव मानले जातात. ओरोआने म्हणजे पुरुष आणि मक्कुनराई म्हणजे स्त्री. स्त्रीदेहाची पण पुरुषांची कामं आणि राहणी पत्करणारी व्यक्ती चलालाई. पुरुषदेहाची पण वेगळ्या, बायकी ढंगानं जगणारी व्यक्ती चलाबाई. लग्न ठरलं की मंडपापासून नवरीच्या शृंगारापर्यंतची जबाबदारी पुष्कळदा चलाबाईंकडेच जाते. आणि पाचवा बिस्सू, ज्याच्यात स्त्री आणि पुरुष दोन्ही एकवटले आहेत असं समजलं जातं, आणि म्हणूनच जो माणसं आणि अदृश्य शक्ती यांच्यात दुवा होऊ शकतो. अंगात संचार झाला की बिस्सू धारदार क्रिस, म्हणजे खंजीर, स्वतःच्या गळ्यावर रोवून नाचतो. पातं आत शिरलं नाही तर संचार खरा. शेतीच्या हंगामापूर्वीचे विधी, राजघराण्यातली मंगलकार्यं, इतकंच काय, हजला निघालेल्या यात्रेकरूला आशीर्वाद देणं, हेही बिस्सूंकडे असे.

न्यूझीलंडच्या मानववंशशास्त्रज्ञ शॅरिन ग्रॅहम डेव्हिस यांनी या लोकांत दीर्घकाळ काम केलं. चलाबाई स्वतःला स्त्री म्हणवत नाहीत आणि त्यांना स्त्री व्हायचंही नसतं, हे त्यांच्या लिखाणातून स्पष्ट होतं. इथे कुणी एका घरातून दुसऱ्या घरात राहायला जात नाही. घरंच पाच आहेत. पण पाच घरं असली म्हणून सुख आहे असं नाही. १९५० नंतर कहार मुझक्कर याच्या इस्लामी बंडानं या भागावर पकड बसवली तेव्हा बिस्सूंचा छळ झाला, त्यांची पूजेची उपकरणं जाळली, बुडवली गेली, अनेकांना पुरुषी कपडे आणि शेती पत्करावी लागली. राजवाडे गेले तसा त्यांचा आश्रयही गेला. ‘ला गालिगो’ या बुगीस महाकाव्याचं हस्तलिखित २०११ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत नोंदलं गेलं. त्या काव्यात बिस्सू पानोपानी भेटतात, सुलावेसीच्या गावांत मात्र तुरळकच.

महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवर देवीच्या आज्ञेनं रेघ ओलांडली जाते. बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीच्या डोंगरावरची यल्लमा ही कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागातल्या असंख्य घरांची देवता. डोक्यात जट आली, दुखणं हटेना, की देवीनं धरलं असं मानून मुलीला जोगतीण आणि मुलाला जोगता म्हणून सोडण्याची प्रथा इथे होती. जोगता लुगडं नेसतो, गळ्यात देवीचं दर्शन घालतो, डोक्यावर जग म्हणजे देवीची टोपली घेतो, चौंडक्याच्या तालावर गातो आणि जोगवा मागतो. ज्या गावात त्याला एरवी हिणवतात, त्याच गावात मंगळवारी-शुक्रवारी त्याच्या पाया पडतात. काहींना ही वाट आतल्या ओढीला मिळालेली अधिकृत जागा वाटली. काहींवर ती अजाण वयात, गरिबीपोटी लादली गेली. राजन गवस यांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांतून हे जग आतून दाखवलं. ‘जोगवा’ या २००९ च्या चित्रपटाचा आधार त्याच कादंबऱ्या. देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकानं १९८२ साली आणि महाराष्ट्रानं त्यानंतर दोन दशकांनी कायदा केला. कायद्याला मुलगी देवीला सोडणं थांबवायचं होतं. जोगत्यानं मग कोण म्हणून जगायचं, हे सांगणं त्याच्या कक्षेत नव्हतं.

मराठी रंगभूमीवर हाच प्रश्न वेगळ्या वेषात आला. नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व (१८८८-१९६७) भामिनी किंवा सिंधू अशा नायिका म्हणून उभे राहत तेव्हा थिएटरातल्या बायका त्यांची साडी नेसण्याची ढब, अंबाडा आणि दागिने निरखून पाहत आणि घरी जाऊन तसंच नटत. घरंदाज स्त्रीनं रंगमंचावर जाणं निषिद्ध असल्यामुळे आदर्श घरंदाज स्त्री कशी दिसते, हे महाराष्ट्राला एका पुरुषानं शिकवलं. त्याबद्दल त्यांची पालखी निघाली म्हटलं तरी चालेल. तमाशातल्या नाच्याच्या वाट्याला असलं काही आलं नाही. नाच्या बाई साकारत नाही. तो बायकी पुरुष साकारतो. गणपत पाटील यांनी मराठी चित्रपटांत नाच्या इतका हुबेहूब वठवला, की प्रेक्षक पडद्यावरचं माणूस खरं धरून बसले आणि त्याची झळ त्यांच्या घरापर्यंत पोचली. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधल्या गुणाची शोकांतिकाही हीच: पिळदार अंगाचा गडी कलेसाठी नाच्या होतो आणि गावाच्या नजरेतून उतरतो. बाईचं सोंग पुरुषानं उत्तम वठवलं तर ती कला, पण पुरुष असूनच तो थोडा बायकी झाला तर टवाळी. रेघ बाई आणि पुरुष यांच्यात जेवढी होती, त्याहून अधिक पक्की ती पुरुष आणि कमी पुरुष यांच्यात होती. संगीत नाटकाचा प्रेक्षक आणि तमाशाचा प्रेक्षक यांच्या जातवर्गाचं अंतरही तिच्यात मिसळलेलं होतं.

हिजड्यांच्या बाबतीत ही रेघ राज्यकर्त्यांनी हलवली. मराठा राजवटीत दख्खनच्या काही भागांत हिजड्यांना जमिनीचे आणि गावातून ठराविक हक्क गोळा करण्याचे परंपरागत अधिकार होते आणि ते गुरूकडून चेल्याकडे जात. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या इंग्रज सरकारनं असल्या हक्कांना सरकारी मान्यता देणं बंद केलं. उत्तरेत मामला आणखी पुढे गेला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. नोंदलेली व्यक्ती बायकी कपडे घालून रस्त्यावर दिसली किंवा लोकांपुढे नाचली-गायली, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. ज्यांच्या पेशाला कालपर्यंत राजमान्यता होती, त्यांचा पेहरावच गुन्हा ठरला. देह तोच होता. दप्तर बदललं होतं.

इथपर्यंत देह जणू एका जागी स्थिर आणि समाज तेवढा चंचल, असं चित्र उभं राहतं. तेही पुरतं खरं नाही. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या सालिनास गावात काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत, मुली म्हणून वाढत आणि वयात येताना त्यांचा आवाज फुटे, शरीर पुरुषी होई. ज्युलियन इम्पेराटो-मॅगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली याचं कारण उकललं. या मुलांची गुणसूत्रं पुरुषाची, पण टेस्टोस्टेरॉनचं अधिक प्रभावी संप्रेरकात रूपांतर करणाऱ्या एका विकराची त्यांच्यात कमतरता असते, म्हणून गर्भात बाह्य इंद्रियांची घडण अपुरी राहते. निःसंदिग्धपणे मुली म्हणून वाढवलेल्या १८ जणांपैकी १७ जणांनी पुढे स्वतःला पुरुष मानलं, असं याच गटानं १९७९ साली नोंदवलं. संप्रेरकांनी संगोपनावर मात केली, असा त्यांचा निष्कर्ष. त्याला गिल्बर्ट हर्ड्ट यांनी आक्षेप घेतला: गावात अशा मुलांसाठी वेगळं नाव आधीच रूढ होतं, म्हणजे मुलगी पुढे मुलगा होऊ शकते हे तिथे माहीत होतं, आणि पुरुष होण्यात फायदाही होता. मग मात नेमकी कशानं केली? वाद अजून मिटलेला नाही.

याच्या उलट टोकाला कॅनडातल्या विनिपेग शहरातल्या डेव्हिड रायमर याची हकिगत आहे. १९६५ साली जन्मलेल्या या मुलाचं शिश्न सुंतेच्या वेळी झालेल्या अपघातात जळालं. जॉन मनी यांच्या सल्ल्यावरून आईवडिलांनी त्याला मुलगी म्हणून वाढवलं आणि मनी यांनी हा प्रयोग यशस्वी झाल्याचं जगाला सांगितलं. प्रत्यक्षात ते मूल कधीच त्या साच्यात बसलं नाही. चौदाव्या वर्षी खरं कळल्यावर त्यानं मुलगा म्हणून जगायला सुरुवात केली. २००४ साली त्यानं आत्महत्या केली. लिंगभाव ही संज्ञा ज्यांनी शास्त्रात आणली, त्यांच्याच हातून लिंगभाव देहावर बाहेरून चिकटवता येतो असा भ्रम पसरला.

क्रीडा संघटनांनी तर देहाचीच सीमारेषा चार-पाच वेळा बदलली. १९६० च्या दशकात डॉक्टर खेळाडू मुलींना समोर उभं करून तपासत; मग गुणसूत्रांची चाचणी आली. स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्तिनेझ-पातिन्यो १९८५ साली या चाचणीत बाद ठरली, कारण तिची गुणसूत्रं पुरुषाची होती. पण तिचं शरीर टेस्टोस्टेरॉनला दादच देत नव्हतं, तेव्हा त्याचा लाभ कसला? तीन वर्षं झगडून तिनं हक्क परत मिळवला. पुढे मोजमाप टेस्टोस्टेरॉनच्या पातळीवर आलं. ओडिशाची द्युती चंद २०१४ साली त्यात अडकली, तिनं आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि जुलै २०१५ मध्ये तो नियम स्थगित झाला. २०२५ च्या सप्टेंबरपासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेनं महिला गटासाठी एका विशिष्ट जनुकाची चाचणी सक्तीची केली. स्पर्धेसाठी कुठेतरी रेघ लागतेच, हे सगळ्यांना मान्य आहे. ती इंद्रियावर ओढायची, गुणसूत्रावर, संप्रेरकावर की जनुकावर, हे देह आपणहून सांगत नाही.

या विषयात शिरताना दोन सावधगिऱ्या बाळगाव्या लागतात. पहिली, दूरच्या लोकांत आपल्याला हवं ते दिसण्याची. मार्गारेट मीड यांनी १९३५ साली न्यू गिनीतल्या तीन समाजांचं वर्णन केलं: एकात स्त्री-पुरुष दोघंही मवाळ, दुसऱ्यात दोघंही आक्रमक, तिसऱ्यात म्हणजे चांब्री लोकांत बायका कर्त्या आणि पुरुष नटवे. स्वभावाचा देहाशी संबंध नाही, हे यातून अगदी चोख सिद्ध झालं. पुढे डेबोरा गेवर्ट्झ यांनी चांब्रींचा इतिहास तपासला तेव्हा कळलं की शेजाऱ्यांनी हुसकावून लावलेले हे लोक नुकते परतले होते आणि पुरुष विधिगृहं नव्यानं उभारण्यात, सजवण्यात गुंतले होते. मीड यांनी पाहिलं ते खोटं नव्हतं, पण ते एका अडचणीच्या काळातलं चित्र होतं.

दुसरी सावधगिरी त्याहून अवघड आहे. नायजेरियन समाजशास्त्रज्ञ ओयेरोंके ओयेवुमी यांनी १९९७ साली विचारलं, की प्रत्येक समाज बाई-पुरुष या रेघेवरच उभा असतो हे ठरवलं कुणी? वसाहतपूर्व योरुबा समाजात माणसाची जागा मुख्यतः वयानं ठरे, असं त्या मांडतात. योरुबात थोरल्या आणि धाकट्या भावंडांना वेगळं संबोधतात, भाऊ आणि बहीण असा भेद करत नाहीत. त्यांच्या मांडणीवर इतर आफ्रिकी अभ्यासकांनी हरकती घेतल्या आहेत. पण प्रश्न रास्त आहे: लिंगभाव शोधायला निघालेल्याला तो सगळीकडे सापडतो.

आता ही रेघ सरकारी अर्जात आली आहे. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली तिसऱ्या नोंदीला वाट करून दिली. भारताच्या २०११ च्या जनगणनेत ४,८७,८०३ व्यक्ती ‘इतर’ या रकान्यात मोजल्या गेल्या. १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की व्यक्तीचा लिंगभाव तिनं स्वतः ठरवायचा आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही. २०१९ च्या तृतीयपंथी हक्क कायद्यानं त्याच ओळखीसाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्राची पायरी घातली, आणि तृतीयपंथीयांच्या संघटनांनी तिला विरोध केला.

डिसेंबर २०२२ मध्ये हा तिढा महाराष्ट्र पोलिसांच्या भरतीत येऊन ठेपला. ऑनलाइन अर्जात पुरुष आणि स्त्री असे दोनच पर्याय होते, म्हणून मुंबई उच्च न्यायालयानं राज्य सरकारला चांगलंच धारेवर धरलं. सरकारनं तिसरा पर्याय काही दिवसांत देण्याची आणि शारीरिक चाचणीचे नियम फेब्रुवारीअखेर करण्याची तयारी दाखवली. रकाना वाढवणं संगणकवाल्यांचं काम होतं. मैदानावरचं काम तेवढं सरळ नव्हतं, कारण शिपाईपदासाठी पुरुष उमेदवाराला १६०० मीटर धावावं लागतं आणि स्त्रीला ८०० मीटर. गोळ्याचं वजनही दोघांना वेगळं. अर्जातली नोंद उमेदवार स्वतःला कोण समजतो त्यावरून होणार होती आणि धावेचं अंतर देहाच्या अंदाजावरून ठरलेलं होतं. एकाच व्यक्तीसाठी, एकाच भरतीत, या दोन्हींचा मेळ घालणारे नियम गृहखात्याला लिहून काढायचे होते.